हेप-जी-टू पेशी मेल्या नाहीत, म्हणून औषध यकृताला सुरक्षित म्हणायचे का?

प्रश्न थोडक्यात असा: एम.फार्म.च्या प्रकल्पात गुळवेलीचा अर्क ‘हेप-जी-टू’ या यकृतपेशींवर २४ तास ठेवला, एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) केली, आणि मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत ८५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत निघाल्या. मार्गदर्शक म्हणतात, प्रबंधात ‘यकृतासाठी सुरक्षित’ असे लिहून टाका. लिहावे का? आणि एवढे पुरत नसेल तर कॉलेजच्या खर्चात आणखी काय करता येईल?

लिहू नका. प्रयोग वाईट झाला असे मी म्हणत नाही, पण त्याच्या मानाने हे वाक्य फार मोठे आहे. तुमच्या आकड्यांवरून इतकेच म्हणता येते की या अर्काने, या जातीच्या पेशी, या मात्रेला, एका दिवसात मारल्या नाहीत. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे औषध संशोधनाच्या प्रयोगशाळांत यकृतपेशी सांभाळण्यात गेली. तिथेही हाच गोंधळ होतो, फक्त जास्त महागड्या यंत्रांवर.

पेशींच्या चाचणीतून औषध सुटते ते पुराव्याअभावी, निर्दोष म्हणून नव्हे. हे नुसते बोलायचे म्हणून बोलत नाही, आकडेच तसे आहेत. २००८ मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी तीनशेहून अधिक औषधे माणसाच्या यकृतपेशींवर तपासली. रक्तात औषधाची जी कमाल पातळी येते तिच्या शंभरपट मात्रा दिली आणि पेशींच्या प्रतिमा घेऊन इजा मोजली. माणसात यकृताला खरोखर अपाय करणाऱ्या औषधांपैकी ५० ते ६० टक्केच हाती लागली. निरुपद्रवी औषधांवर खोटा आळ मात्र जेमतेम ० ते ५ टक्के. दहा वर्षांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या गटाने पेशींचे छोटे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, वापरून १२३ औषधे तपासली. घातक औषधांपैकी ६९ टक्के सापडली, खोटा आळ एकावरही आला नाही. २०२२ मध्ये यकृताच्या चिपवर (सूक्ष्म नळ्यांत यकृतपेशी वाढवलेल्या छोट्या पट्टीवर) २७ औषधांचा अभ्यास आला, त्यासाठी तब्बल ८७० चिप वापरल्या होत्या. तिथे घातक औषधे ८७ टक्के पकडली गेली आणि खोटा आळ पुन्हा शून्य. (हा अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचावा.) तंत्र बदलत गेले, कल मात्र तोच राहिला: पेशींनी ‘घातक’ म्हटले तर बहुधा खरे, ‘काही दिसले नाही’ म्हटले तर काहीही असू शकते. आणि यांतली एकही चाचणी हेप-जी-टूवर २४ तासांची एमटीटी नव्हती.

आता हेप-जी-टू. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून १९७०च्या दशकात ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारी पेशींची जात, निघाली. कित्येक वर्षे कॅटलॉगात आणि शोधनिबंधांत ती प्रौढांच्या यकृत-कर्करोगाची म्हणून चालली. प्रत्यक्षात ती गाठ मुलांमध्ये होणारी हेपॅटोब्लास्टोमा होती, हे बऱ्याच उशिरा स्पष्ट झाले. पेशी गुणी आहेत. स्वस्त आहेत, भराभर वाढतात, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात, यकृताचे अल्ब्युमिन हे प्रथिनही बनवतात. अडचण एकच, पण मोठी: औषधांची मोडतोड करणारी सायटोक्रोम पी-४५० (सीवायपी) कुटुंबातली एन्झाइमे त्यांच्यात फार कमी असतात. यकृताला इजा करणाऱ्या कितीतरी औषधांत खुद्द औषध विषारी नसतेच. यकृत त्याचे जे रूपांतर करते ते विषारी असते. रूपांतर करणारे यंत्रच बंद असेल तर विष तयार होणार कुठून?

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या, कारण इतके पुरेपूर समजलेले दुसरे औषध नाही. नेहमीच्या डोसला त्याचा बहुतेक भाग सल्फेट किंवा ग्लुक्युरोनाइड जोडून बाहेर जातो. थोडासा भाग मुख्यतः सीवायपी २ई१ या एन्झाइममुळे ‘नॅपकी’ नावाच्या अत्यंत चिडक्या रेणूत बदलतो. ग्लुटाथायोन हे पेशीतले संरक्षक रसायन त्याला लगेच गाठून निकामी करते. ओव्हरडोस झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो, तो सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की नॅपकी पेशीतल्या प्रथिनांना चिकटू लागते, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रे) बंद पडतात आणि पेशी मरते. म्हणूनच उतारा म्हणून एन-असेटिलसिस्टीन देतात, ज्यातून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होते. इस्पितळात ओव्हरडोसनंतर चौथ्या तासाला रक्तात मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅम पॅरासिटामॉल सापडले तर उतारा सुरू करतात. पॅरासिटामॉलचे रेणुभारमान १५१, म्हणजे ही पातळी झाली साधारण १ मिलिमोलर. आता हेच १ मिलिमोलर हेप-जी-टूवर टाकून पाहा. दुसऱ्या दिवशी पेशी होत्या तशाच. त्या मरायला बऱ्याचदा दहा-वीस मिलिमोलरच्या पुढे जावे लागते, आणि तिथे मरण येते तेही बहुतांशी नॅपकीमुळे नव्हे. माणसाच्या यकृतातून काढलेल्या पेशींनासुद्धा एका दिवसात मरायला ५ मिलिमोलर किंवा जास्त लागते, कारण प्लेटमध्ये उतरल्यापासूनच त्यांची एन्झाइमे उतरणीला लागलेली असतात.

इथे एक तिरकस टिप्पणी केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे दरवर्षी कितीतरी प्रबंध निघतात ज्यांत हेप-जी-टूला पॅरासिटामॉल देऊन ‘यकृताची इजा’ तयार करतात आणि मग अमुक वनस्पतीने ती बरी केली असे दाखवतात. ज्या पेशीत नॅपकी धड तयारच होत नाही, तिथे वनस्पतीने नेमके कशापासून संरक्षण केले, हे परीक्षक का विचारत नाहीत हे मला कळलेले नाही.

टीबीच्या औषधांची गोष्ट याहून जवळची. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेत टीबीची औषधे सर्वांत पुढे आहेत. टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाल्याचे एखादे उदाहरण बहुतेकांच्या ऐकिवात असते. पण त्यातले इसोनियाझिड हेप-जी-टूवर टाकले तर मिलिमोलर मात्रेलाही पेशी सहसा ढिम्म हलत नाहीत. तुमच्याच पद्धतीने पाहिले तर इसोनियाझिडही ‘यकृतासाठी सुरक्षित’ ठरते. मार्गदर्शकांशी बोलताना हे एवढे एक उदाहरण पुरेल.

आता तुमच्या एमटीटीकडे वळू, कारण अर्काच्या बाबतीत तीच आधी संशयास्पद आहे. एमटीटीचा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळ्या फॉर्मेझानमध्ये बदलतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचतात, जांभळा जास्त म्हणजे पेशी जास्त. पण एमटीटीला जांभळे करायला पेशीच लागते असे नाही. वनस्पतींतली पॉलिफेनॉल आणि इतर अँटिऑक्सिडंट संयुगे ते काम पेशीशिवायही करतात. मग पेशी निम्म्या मेल्या तरी वाचन ८५ टक्के येऊ शकते. काही अर्कांच्या प्रबंधांत जिवंत पेशी ११० किंवा १२० टक्के दिसतात आणि खाली लिहिलेले असते, ‘अर्काने पेशींची वाढ झाली’. बहुधा ती वाढ नसते, रसायन असते. तपासणी सोपी आहे: पेशी न घातलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मीडियम म्हणजे पेशींचा पोषक द्रव, अर्क आणि एमटीटी घाला आणि तेवढाच वेळ ठेवा. जांभळे झाले की समजा. एमटीटी घालण्याआधी पेशी दोनदा धुतल्या तर बराच फरक पडतो. त्याशिवाय वेगळ्या तत्त्वावरची एक तरी मोजणी जोडीला हवी: फुटलेल्या पेशींतून मीडियममध्ये सांडलेले एलडीएच हे एन्झाइम, पेशीतले एटीपी हे ऊर्जेचे रसायन, किंवा केंद्रके रंगवून मायक्रोस्कोपखाली सरळ मोजणी. गडद रंगाचा अर्क एटीपीच्या चाचणीतला प्रकाशही शोषतो, तेव्हा तिथेही कंट्रोल ठेवा. आणि वाचन घेण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली बघत चला. १०० मायक्रोग्रॅमच्या वेलमध्ये अर्क साक्याच्या रूपात खाली बसला असेल तर पेशींना १०० मिळालेच नाहीत.

मात्रेचा प्रश्न याहून अवघड. शुद्ध औषधाच्या बाबतीत आम्ही रक्तातल्या कमाल पातळीपासून सुरुवात करतो आणि तिच्या पट्टीत वर जातो: एकपट, पाचपट, वीसपट, शंभरपट. इतके वर जाण्याला कारणे आहेत. तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून निघून आधी यकृतातच पोचते, म्हणून यकृताला दिसणारी मात्रा दंडातून काढलेल्या रक्तापेक्षा जास्त असू शकते. लाख रुग्णांतला एखादा फारच नाजूक असतो, त्याचीही सोय बघावी लागते. शिवाय प्लेटमधल्या पेशी आठवडाभरच जगणार आणि रुग्ण गोळी सहा महिने घेणार. पण गुळवेलीच्या अर्काची ‘रक्तातली कमाल पातळी’ म्हणजे काय? अर्कात शेकडो रेणू आहेत, त्यांतले काही आतड्यातून आत शिरतच नाहीत, काही आतड्यातल्या जिवाणूंनी बदलल्यावर शिरतात. तुम्ही पेशींवर ओतलेला अर्क माणसाच्या यकृतापर्यंत त्या रूपात कधीच जात नाही. म्हणून अर्काच्या बाबतीत ‘१०० मायक्रोग्रॅमला सुरक्षित’ या आकड्याला माणसाच्या डोसशी जोडणारा पूलच नाही. अर्कातली दोन-तीन मुख्य संयुगे शुद्ध स्वरूपात मिळत असतील तर ती वेगळी तपासा, निदान आकड्याला काही अर्थ येतो.

मीडियममधल्या सीरमचेही (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) भान ठेवा. ट्रोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाचे ९९ टक्क्यांहून अधिक रेणू रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले असतात. १० टक्के सीरम असलेल्या मीडियममध्ये त्याचा विषारीपणा बराच झाकला जातो, सीरम काढले की तेच औषध पेशींना मारू लागते. हे औषध अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आले आणि यकृत निकामी होण्याच्या घटनांमुळे २००० मध्ये काढून घेतले गेले.

मात्रेपेक्षा जास्त दुर्लक्ष वेळेकडे होते, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपॅटायटिस-बीच्या १५ रुग्णांना फियाल्युरिडिन हे औषध दिले जात होते. उंदीर, कुत्रे, माकडे यांच्यावरच्या चाचण्यांत यकृताला धोका दिसला नव्हता. काही आठवड्यांच्या आधीच्या छोट्या मानवी चाचण्यांनंतरही पुढे जायला हरकत वाटली नव्हती. तिसरा महिना चालू असताना रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साठू लागले, यकृत बंद पडू लागले. औषध तातडीने थांबवले, पण थांबवल्यावरही इजा वाढतच गेली. सात जणांना गंभीर इजा झाली, पाच दगावले, दोघे यकृत बदलल्यामुळे वाचले. नंतर उलगडले ते असे: हे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत शिरून बसते. मायटोकॉन्ड्रियात शिरायला त्याला एक वाहक प्रथिन लागते, ते माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावर असते आणि उंदरांच्या नसते. प्राण्यांनी फसवले ते इथे. पण माणसाच्या पेशी वापरल्या असत्या तरी २४ तासांत काहीच दिसले नसते, कारण जुन्या मायटोकॉन्ड्रिया झिजून नव्या बिघडलेल्या तयार व्हायला दिवस लागतात. आज माणसाच्या यकृतपेशींचे स्फेरॉइड करून दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा डोस दिले तर फियाल्युरिडिनची इजा स्पष्ट दिसते. कोणी मला नवीन यकृत-मॉडेल विकायला आले की माझा पहिला प्रश्न फियाल्युरिडिनचा असतो.

हे आठवडे पेशींनी काढायचे कसे, हाच या क्षेत्राचा जुना झगडा आहे. माणसाच्या खऱ्या यकृतपेशी मिळतात त्या बहुधा प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या दान केलेल्या यकृतातून, किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातून. यकृतात आधी कॅल्शियमविरहित आणि मग कोलॅजिनेज असलेला द्रव सोडून पेशी सुट्या करतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. आपल्याकडे त्या बहुतेक परदेशातून मागवाव्या लागतात आणि महाग असतात. पन्नासेक लाख पेशींच्या एका व्हायलमध्ये ९६ वेलची एक प्लेट कशीबशी भरते. या पेशी विभागत नाहीत, म्हणजे वाढवून पुरवू म्हटले तर ते शक्य नाही.

त्यांना हाताळण्यात हाताची सवय फार लागते. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटांच्या आत वितळवायची, बर्फाचा शेवटचा तुकडा शिल्लक असतानाच बाहेर काढायची. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारे यंत्र) कधीच नाही, पिपेटचे टोक रुंद हवे, सेंट्रिफ्यूज अगदी हलके. मेलेल्या पेशींना निळे करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजणी करून ८० टक्क्यांच्या खाली जिवंत पेशी असतील तर मी ती व्हायल प्रयोगात घेत नाही, कितीही जीव तुटला तरी. कोलॅजेन लावलेल्या प्लेटमध्ये घातल्यावर प्लेट पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवायची; गोल फिरवली तर सगळ्या पेशी वेलच्या मधोमध जमतात आणि कडेला मोकळी जागा उरते. चार-सहा तासांनी न चिकटलेल्या धुऊन काढायच्या आणि वरून मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा पातळ थर द्यायचा (यालाच सँडविच कल्चर म्हणतात). सगळे जमले तर दोन-तीन दिवसांत बहुकोनी पेशींची फरशी दिसते, काहींत दोन-दोन केंद्रके, आणि पेशींच्या सीमांवर चकाकत्या रेघा: त्या पित्ताच्या सूक्ष्म नळ्या. औषधाने पित्त तुंबते का हे बघायचे असेल तर या नळ्या असल्याच पाहिजेत. ट्रोग्लिटाझोनचे, विशेषतः त्याच्या सल्फेटचे, एक पाप हेच होते की पित्तक्षार पेशीबाहेर टाकणारा पंप ते अडवत असे. हेप-जी-टूच्या साध्या थरात हे दिसण्याची फारशी आशा नाही.

एवढे करूनही सपाट प्लेटवर या पेशी एक-दोन दिवसांत आपली ओळख विसरू लागतात, सायटोक्रोमची पातळी झपाट्याने उतरते. सँडविच कल्चरने थोडे दिवस वाढतात, स्फेरॉइडमध्ये आठवडे. शिवाय प्रत्येक डोनर वेगळा. एकाची सीवायपी एन्झाइमे दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतात. एन-असेटिलट्रान्सफरेज-२ हे एन्झाइम ज्यांचे सावकाश चालते त्यांना इसोनियाझिडचा धोका अधिक असतो, हे रुग्णांत दिसलेले आहे. तसा डोनर तुमच्या प्लेटमध्ये नसेल तर प्लेट त्याबद्दल गप्पच राहणार. एकाच डोनरवर केलेला अभ्यास मला कोणी दाखवला तर मी तो एका रुग्णाचा अनुभव म्हणून वाचतो.

आणि काही इजा अशा की त्या कुठल्याच नुसत्या यकृतपेशीत दिसत नाहीत, कारण मारेकरी पेशीबाहेरचा असतो. झिमेलागॅट्रान हे रक्त पातळ करणारे औषध २००६ मध्ये मागे घेतले गेले. यकृताची इजा का होते हे शोधायला पेशींवर नाना तऱ्हेच्या चाचण्या झाल्या आणि हाती काही लागले नाही. रुग्णांच्या जनुकांत मात्र एका विशिष्ट एचएलए (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुक) प्रकाराशी नाते निघाले, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हात होता. प्लेटमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारपेशी, नसतील तर हे कधीच दिसणार नाही.

तुम्ही नेमकी गुळवेल निवडली आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचे. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, तेव्हा २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले सहा रुग्ण काविळीसह आले. त्यांच्यातले चित्र स्वप्रतिकार प्रकारच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशा) हेपॅटायटिसशी जुळणारे होते. अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. नंतर भारतातल्या अनेक केंद्रांतून आणखी रुग्ण नोंदले गेले. या वादात तुमची बाजू कोणतीही असो, एक गोष्ट पक्की: अशी इजा हेप-जी-टूवर सापडण्यासारखी नाही, म्हणून ‘आमच्या पेशींना काही झाले नाही’ हा त्या रुग्णांना प्रतिवाद होऊ शकत नाही. आणि आक्षेपातला धडाही घ्या: तुमच्या वेलीचा वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून जपून ठेवा, अर्काची एक छोटी बाटलीही.

आता खर्चाचा प्रश्न. चिप, दात्याच्या पेशी, हे सगळे विसरा. फ्रान्समध्ये निघालेली हेपा-आरजी ही सेल लाइन हेप-जी-टूपेक्षा कितीतरी सरस आहे, सायटोक्रोम दाखवते, पण ती परवान्याने मिळते आणि वापरायच्या आधी तिला महिनाभर जोपासावे लागते, त्यातले दोन आठवडे २ टक्के डीएमएसओ या द्रावकात. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेशी सहकार्य असेल तर बघा.

हेप-जी-टूवरच, जवळजवळ फुकटात, एक मोठी सुधारणा करता येते. या पेशी ग्लुकोजच्या पाकात पोहत असतात: नेहमीच्या डीएमईएममध्ये लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यामुळे त्या मायटोकॉन्ड्रियाशिवायच, ग्लुकोज आंबवून, ऊर्जा मिळवतात आणि औषधाने मायटोकॉन्ड्रिया बंद पाडल्या तरी त्यांचे काही अडत नाही. ग्लुकोजविरहित मीडियममध्ये १० मिलिमोलर गॅलॅक्टोज घाला. आता त्यांना मायटोकॉन्ड्रिया वापराव्याच लागतात. दोन प्लेट शेजारी ठेवा, एक ग्लुकोजची, एक गॅलॅक्टोजची. मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणाऱ्या रोटेनोनने गॅलॅक्टोजची प्लेट मेली आणि ग्लुकोजची तगली तर पद्धत चालते आहे. मग तुमचा अर्क. त्याने दोन प्लेटच्या निकालांत फरक पडला तर ती खरी बातमी आहे, प्रबंधाचे एक प्रकरण होईल.

दुसरे, वेळ वाढवा. ९६ वेलच्या साध्या प्लेटमध्ये तळाला दीड टक्का अगरोजचा थर दिला की पेशी तळाला चिकटत नाहीत आणि एकत्र येऊन गोळा बनवतात. महागड्या प्लेट घ्यायची गरज नाही. वेलमागे पाचशे ते हजार पेशींपासून सुरू करा, गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका, नाही तर प्राणवायू न पोचून मधला भाग आपोआप मरतो आणि दोष अर्काला लागतो. एक दिवसाआड निम्मे मीडियम बदलत दोन आठवडे डोस द्या. एन्झाइमे यानेही खऱ्या यकृताइतकी येणार नाहीत, हे लिहायचे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे: ओळखीची औषधे जोडीने ठेवा. रसायनदृष्ट्या भावंडे, पण यकृताच्या बाबतीत एक वाईट आणि एक बरे. ट्रोग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन, टोलकापोन आणि एन्टाकापोन, ट्रोव्हाफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन (प्रत्येक जोडीत पहिले वाईट). एक जोडी तरी मिळवा. तुमची पद्धत त्या दोघांत फरक करू शकली तरच तुमच्या अर्काबद्दल तिचे मत विचारात घ्यायचे. नुसते डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास मारणारा नमुना) म्हणून ठेवू नका. ते कुठल्याही वाढत्या पेशीला मारते, यकृताबद्दल काही सांगत नाही. ट्रोव्हाफ्लॉक्सासिनच्या जोडीत आणखी गंमत आहे: एकटे दिले तर हेप-जी-टू फारसे दाद देत नाहीत, पण सोबत टीएनएफ-अल्फा हे दाहाचे प्रथिन दिले की ट्रोव्हाफ्लॉक्सासिन मारते आणि लेव्होफ्लॉक्सासिन मारत नाही. दाह असताना औषध कसे वागते याचा छोटासा अंदाज त्यातून येतो, प्रतिकारशक्तीच्या पूर्ण खेळाचा नव्हे.

उंदराच्या ताज्या यकृतपेशी काढायची सोय तुमच्या विभागात असेल तर सायटोक्रोमचा प्रश्न थोडा सुटतो, एका मोठ्या उंदरातून (रॅट) दहा कोटींच्या आसपास पेशी निघतात. प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागेल, आणि उंदीर माणूस नाही हे फियाल्युरिडिनने शिकवलेच आहे. पॅरासिटामॉलला तर लहान उंदीर (माउस) नाजूक आणि मोठा उंदीर (रॅट) चिवट, म्हणजे दोन उंदरांतही एकवाक्यता नाही.

कायद्याबद्दल विचारलेले नाही, पण तोंडी परीक्षेत निघेल. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. भारतात २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गन-ऑन-चिप वगैरे मार्गांना जागा मिळाली. याचा अर्थ अशी माहिती सादर करता येते, एवढाच. एमटीटीवर परवाना मिळतो असा नाही.

प्रबंधात वाक्य असे लिहा: ‘या अर्काने मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, २४ तासांत, हेप-जी-टू पेशींची जीवनक्षमता लक्षणीय घटवली नाही. या पेशींत औषध-चयापचयाची एन्झाइमे कमी असल्याने आणि प्रतिकारपेशी नसल्याने यकृतावरील परिणामाबद्दल यावरून निष्कर्ष काढता येत नाही.’ मार्गदर्शकांना हे कमी वाटले तर गॅलॅक्टोजचे प्रकरण जोडायची तयारी दाखवा, त्याने प्रबंध जाड होतो. पण सगळ्यांत आधी उद्याच पेशींशिवायची एमटीटी लावा. एक दुपार जाईल. त्या वेल जांभळ्या झाल्या तर हातातले ८५ टक्के आधी बाजूला ठेवावे लागतील आणि मगच पुढचे सगळे.